एकाचा नऊ

फाल्गुन सरत आला होता. खडकंब्याच्या काळ्याभोर कातळमाळावर पळस पेटून विझले होते, आणि त्यांच्या केशरी पाकळ्या धुळीत तपकिरी होऊन पडल्या होत्या. पर्णहीन सावरी, पर्णहीन पांगारा, पर्णहीन साग. त्या साऱ्या उघड्या फांद्यांवरून कोवळे, पिवळे, निरपराध ऊन खाली उतरत होते. अशा दिवशी इतके सुंदर ऊन पडावे, याचाच कुमुदताईंना पुढे राग आला.

माळाच्या उतारावर दगडखाण होती. खाणीच्या काठावर पत्र्याचे छप्पर होते. छपराखाली ती शिळा उभी होती. कृष्णवर्णा, पुरुषभर उंच, घासून घासून गुळगुळीत केलेली, अंगावर एकोणीस अंक मिरवणारी शिळा. थोड्या वेळाने ती कॉलेजच्या पटांगणात जायची होती, दहा वाजता तिच्यावरचा पडदा सरायचा होता, टाळ्या पडायच्या होत्या. त्याआधी एकदा डोळ्यांखालून घालावी म्हणून कुमुदताई पेठकर सकाळी सकाळीच माळ चढून आल्या होत्या. वय एकसष्ट, गणित शिकवून निवृत्त, गुडघे दुखरे, पण उत्साह एखाद्या नवरीच्या करवलीचा.

त्यांनी वाचायला सुरुवात केली. पाठच होते ते. दोन तीन शून्य पाच. आठ चार तीन. शून्य शून्य नऊ. दोन एक तीन. सहा नऊ तीन. नऊ पाच.

आणि नऊ.

त्यांनी चष्मा पुसला. पुन्हा वाचले. पुन्हा नऊच.

"लिंबाजी, हे काय रे केलंस?"

लिंबाजी पाथरवट टाकीला धार लावत बसला होता. त्याने मान वर केली नाही. "मी एकाचा आकडाच कोरला होता, बाई. तुमच्या कागदावर होता तस्साच. परवा संस्थेचे अध्यक्षसाहेब आले, संगती एक शास्त्री. म्हणाले, शेवटच्या एकाचा नऊ कर. म्हटलं, बाईंना इचारू का? तर म्हणाले, दगड बाईंचा आहे का?" त्याने टाकीवर थुंकी टाकली. "एकाला एक वळण जोडलं, झाला नऊ. पण हात जड झाला माझा. खोटं कशाला बोलू."

झाला नऊ! अहो, असा कसा होईल नऊ?

दोनाला दोनाने गुणा. पुन्हा दोनाने. पुन्हा. एकसष्ट दोन एकमेकांत गुणले की जी महाप्रचंड संख्या उभी राहते, तिच्यातून एक वजा करा. उरते ती ही. परार्धांच्याही पुढची, तिचे पुरते नाव घ्यायलाही जीभ धजत नाही, म्हणून तिचे अंकच म्हणायचे. २३०५८४३००९२१३६९३९५१. विषम, विशाल, अविभाज्य. तितके हरभरे घ्या आणि सारख्या रांगांत मांडायला बसा. दोन रांगा मांडा, सात मांडा, हजार मांडा, जन्मभर मांडत बसा. शेवटी काही ना काही उरणारच. एकच एक रांग, नाहीतर रांगच नाही. दोन वर्गांची बेरीज करून तिला गाठावे म्हटले तर तेही नाही. चाराने भागली की तीन उरवणारी मूळ संख्या ती, तिला जोडीचे ते सुखही वर्ज्य. अशी एकाकी. अशी मानी. ती मूळ आहे, आणि तिचे मूळपण त्या एकोणीस अंकांत आहे. त्यातला एक हलवला की ती ती राहत नाही.

हे कुमुदताईंना कोणी नुसते शिकवले नव्हते. त्यांनी ते हाताने केले होते.

सोळा वर्षांच्या होत्या तेव्हा. शाळा सुटली की मागच्या वर्गात हिरवे सर बसत. त्र्यंबक गणेश हिरवे, गणिताचे शिक्षक, खडूने पांढरे झालेले कोपर, तपकिरीचा वास, आवाज मऊ. त्या संख्येच्या मूळपणाची एक परीक्षा आहे. चारापासून सुरुवात करायची. वर्ग करायचा, दोन वजा करायचे, त्या महासंख्येने भागून बाकी ठेवायची. त्या बाकीचा वर्ग, दोन वजा, पुन्हा बाकी. असे एकोणसाठ वेळा. एकोणसाठाव्या वेळी बाकी शून्य आली तर संख्या मूळ. दुसरे काहीही आले तर नाही. जगाला याचे उत्तर कधीचेच ठाऊक होते, आणि जगाला ठाऊक आहे हे सरांनाही ठाऊक होते.

"जगाला माहीत आहे गं," ते म्हणत, "पण मला माहीत व्हायला नको?"

जुन्या उत्तरपत्रिकांच्या पाठकोऱ्या बाजू. एकोणीस अंकांना एकोणीस अंकांनी गुणणे. निळी शाई, लाल शाई, अंकांच्या ओळीच ओळी. सर गुणत, आणि कुमुद ताळा पाही. ताळा म्हणजे संख्येतल्या अंकांची बेरीज, त्या बेरजेचीही बेरीज, एक अंक उरेपर्यंत. गुणाकाराच्या दोन्ही बाजूंचा ताळा जुळला नाही की कुठेतरी चुकले. साधे, स्वच्छ, गरिबाघरचे हत्यार. त्या महासंख्येचा ताळा एक. कुमुदला तो झोपेतही सांगता आला असता.

दीड वर्षाने एकोणसाठावी पायरी आली, आणि बाकी शून्य आली नाही. अंकांचा नुसता ढीग आला. सरांनी मागे जाऊन जाऊन शोधले. एकेचाळिसाव्या पायरीवर आकडे उतरवून घेताना कुमुदने छत्तीसचे त्रेसष्ट केले होते. तीन आणि सहा, सहा आणि तीन; बेरीज तीच, ताळा जुळलेला, आणि पुढचे सारे पाण्यात. पोर रडून रडून लाल झाली. सर रागावले नाहीत.

"ताळा जुळला म्हणजे खरं ठरत नाही, कुमुद," ते म्हणाले. "नाही जुळला, तर मात्र खोटं नक्की. चल, एकेचाळीसपासून."

आणखी वर्ष गेले. मग भाद्रपदातल्या एका दमट दुपारी, माश्या घोंघावत असताना, शेवटचा भागाकार सरांनी अर्ध्यावर थांबवला, कागद तिच्यापुढे सरकवला आणि पेन तिच्या हातात दिले. "बाकी तू काढ." तिने काढली. एक घर शून्य, दुसरे घर शून्य, सगळी घरे शून्य. तिने ते शून्य लिहिले, आणि दोघे वेड्यासारखे हसत सुटले. एवढेच. हार नाही, तुरे नाहीत. खडकंब्यातले कुत्रेही भुंकले नाही.

ते शून्य कुमुदताईंनी आयुष्यभर उराशी जपले. ज्याला जे मिळते ते.

आता सर अठ्ठ्याऐंशीचे होते. काचबिंदूने डोळे नेले त्याला सहा वर्षे झाली. शाळेच्याच संस्थेच्या कॉलेजचा सुवर्णमहोत्सव, त्यानिमित्त पटांगणात शिळा, शिळेवर सरांची संख्या, हे ऐकल्यावर ते महिनाभर लहान मुलासारखे वागत होते. "दगडात कोरणार? मग मला वाचता येईल!" किती वेळा म्हणाले असतील. काल संध्याकाळी त्यांनी दोन्ही हात कुमुदताईंच्या पुढे केले होते. "नखं काप गं माझी. उद्या वाचायचं आहे." आणि कुमुदताईंनी त्यांची दहाही बोटांची नखे कापली होती, जपून, एकेक.

त्या बोटांसाठी हा नऊ!

त्या तशाच माळ उतरल्या आणि तडक अध्यक्षांच्या घरी गेल्या. दौलतराव मोहोळकर पडवीत बसून पोहे खात होते. शेजारी तो अंकशास्त्री. आठ बोटांत आठ अंगठ्या, कपाळाला गंध, मिशीला दह्याचा थेंब. दारात जीप उभी, तिच्या नंबराची बेरीज नऊ. दौलतरावांच्या मोबाईलची बेरीज नऊ. धाकट्या मुलीचे लग्न सत्तावीस तारखेला ठेवले ते त्याचसाठी, सात न् दोन नऊ, मग ती बिचारी नवऱ्याशी पटत नाही म्हणून परत का आली ते कोणी विचारायचे नाही.

"या कुमुदताई, बसा. पोहे घ्या."

"शेवटचा अंक चुकलाय, दौलतराव. एक हवा, तिथे नऊ केलाय."

"चुकला नाही हो, सुधारला!" दौलतराव हसले. दातात कोथिंबीर होती. "सांगा हो शास्त्रीबुवा."

"अंकांची बेरीज त्र्याहत्तर येत होती," शास्त्रीबुवा बोटावरची दह्याची कवडी चाटत म्हणाले. "सात न् तीन दहा, दहाचा एक. एक म्हणजे एकटेपण. संस्थेला बाधक. शेवटच्या एकाचा नऊ केला की बेरीज एक्याऐंशी. आठ न् एक नऊ. सिद्धी!"

कुमुदताईंना शिसारी आली. ताळा! त्यांचा ताळाच हा. तीच बेरीज, तेच बोटांवर मोजणे. ज्याने आयुष्यभर चूक धरायची, त्याच हत्याराने चूक कोरायची, आणि वर दही चाटत तिला सिद्धी म्हणायचे. आपल्या घरचे पाण्याचे भांडे कुणी उकिरड्यावर नेऊन वापरावे, तसे त्यांना वाटले.

"अहो, बेरीज नऊ आली म्हणूनच तर तिला नवानं भाग जातो! चौथीतलं पोर सांगेल. ती मूळ संख्या राहिलीच नाही मग!"

"जाऊ द्या की भाग," दौलतराव म्हणाले. "कोण भागायला बसलंय इथं?"



"आणि एकोणीसपैकी अठरा बरोबर आहेत," दौलतरावांनी पुढे समजूत घातली. "तुमच्या वर्गात एवढ्याला तुम्ही पहिला नंबर दिला असता. हे बघा ताई, पाहुणे निघालेत. आता दगड काय रबरानं खोडायचा आहे? सरांना दिसत नाही. तुम्ही मनगट धरा त्यांचं, फिरवा हात शिळेवरून, आणि शेवटच्या आकड्याआधी उचला अलगद. म्हातारं माणूस आहे, खूश होऊ द्या. नसेल जमत, तर कार्यक्रम रद्द करतो. तुम्हीच जाऊन सांगा त्यांना, आज वाचायचं नाही म्हणून."

कुमुदताईंच्या डोळ्यांपुढे ती कापलेली नखे आली. काल ती वर्तमानपत्रावर पडली होती, बारीक, पिवळसर, चंद्रकोरीएवढीही नाहीत. आणि त्यांची मान हलली.

हो. त्यांचीच. दुसऱ्या कुणाची नाही.

कोणीतरी हातात बशी दिली. त्यांनी दोन घास खाल्लेही. मग फाटकाबाहेर आल्या, चिंचेच्या बुंध्याला धरून वाकल्या, आणि ते दोन्ही घास ओकून टाकले. तोंडात आंबट राहिले. पदराने पुसले तरी राहिले. दौलतरावांची किळस आली होती तेव्हा निदान ओकता तरी आले. स्वतःची किळस कुठे ओकायची?

दहा वाजले. पटांगणात मंडप, मंडपात झेंडूच्या माळा, आदल्या दिवशीच्याच, पाणी मारून ताज्या केलेल्या, तळाशी सडका वास सुटलेल्या. अत्तराचे फवारे. कर्ण्यांचा किंचाळा. शाली घातलेले पाहुणे, शाली घालणारे पाहुणे, शालीसाठी ताटकळलेले पाहुणे. लिंबाजीला सत्काराचा नारळ द्यायचा म्हणून त्यालाही हत्यारांच्या पिशवीसकट कोपऱ्यात उभे केले होते. आणि निवेदकाची तुपात तळलेली वाणी: "या महान मूळ संख्येचे जनक, त्र्यंबक गणेश हिरवे सर!"

सर पांढऱ्या लेंगा-सदऱ्यात होते. ते कुमुदताईंच्या कानाशी वाकले. "जनक? संख्येला आईबाप असतात होय गं?" आणि खुदकन हसले. त्या हसण्याने कुमुदताईंच्या काळजाचे पाणी पाणी झाले.

पडदा सरला. टाळ्या पडल्या. ऊन शिळेवर आले, आणि काळ्या दगडातले अंक पांढरे, ठसठशीत, निर्लज्ज उजळले. माइकवाल्याने माइक शिळेपाशी आणून धरला.

"चल," सर म्हणाले.

कुमुदताईंनी मनगट धरले. हलके मनगट, नुसती कातडी आणि नाडी. तर्जनी दगडाला लागली. दोन, सर म्हणाले. तीन. शून्य. पाच. कर्ण्यांतून त्यांचा मऊ आवाज पटांगणभर पसरत होता. आठ, चार, तीन. प्रत्येक अंकावर बोट एकदा वरून, एकदा खालून, एकदा वळणातून फिरे, आणि मग पुढे जाई. जन्मभर डोळ्यांनी पाहिलेले माणूस पहिल्यांदाच हाताने ओळखावे, अशी ओळख चालली होती. शून्य, शून्य. "लिंबाजीनं गोल छान काढलेत," ते मध्येच म्हणाले, आणि लिंबाजीने कोपऱ्यात मान खाली घातली. नऊ. दोन, एक, तीन. सहा, नऊ, तीन. त्यांचा चेहरा उजळत, उजळत, उजळत चालला होता. नऊ.

पाच.

इथे उचलायचा होता हात. दौलतराव खाकरले. मुद्दाम खाकरले. कुमुदताईंची बोटे मनगटाभोवती आवळली. जरा वर घेतले की झाले. सर हसतील, लोक टाळ्या वाजवतील, म्हातारा माणूस सुखाने घरी जाऊन झोपेल, आणि उरलेले दिवस त्या सुखात काढील. त्यांचे बोट धरून त्यांना खोट्यात कायमचे बसवायचे, एवढेच काम होते. एवढेसे काम.

त्यांनी मनगट सोडून दिले.

तर्जनी पुढे सरकली. वरून फिरली. खालून फिरली. वळणात अडकली. मागे आली. पुन्हा फिरली. पटांगणात कुणाला काही कळले नाही; पाहुणे हात पुढे धरून टाळीची वाट बघत होते.

"हा नऊ आहे," सर म्हणाले.

कर्ण्यांतून ते सगळ्यांना ऐकू गेले.

"शुभ अंक आहे, सर," दौलतराव पुढे आले, "बेरीज चांगली यावी म्हणून..."

"हिला नवानं भाग जातो." सरांचा आवाज चढला नाही. त्यांनी बोट दगडावरून काढले आणि सदऱ्याला पुसले. मग दुसऱ्यांदा पुसले. "कुमुद."

"सर."

"तुला माहीत होतं?"

एवढ्या माणसांत, एवढ्या उन्हात, माइकपुढे. "सकाळपासून," त्या म्हणाल्या.

"आणि तरी हात धरून आणलंस मला."

"हो सर. पाचावर उचलायचा होता तुमचा हात. कबूल केलं होतं मी."

"मग?"

"नाही जमलं."

 सरांचे न दिसणारे डोळे त्यांच्याकडे वळले होते, आणि त्या डोळ्यांत राग असता तर बरे झाले असते, असे कुमुदताईंना वाटले. किळस होती. पंचेचाळीस वर्षांत पहिल्यांदा त्यांना ती सरांच्या चेहऱ्यावर दिसली, आणि तिच्यात आपलाही वाटा आहे, हेही दिसले.

"माझं नाव कुठं कोरलंय?"

सरांनी हात पुढे केला. कुमुदताईंकडेच केला. कुमुदताईंनी तो धरून खाली नेला. अंकांच्या ओळीखाली, वीतभर अंतरावर, मोठ्या वळणदार अक्षरांत. सरांनी स्वतःचे नाव चाचपून वाचले, परक्याचे वाचावे तसे.

"हे काढा."

"अहो सर!" दौलतराव कळवळले. "नाव कशाला? पुढच्या वर्षी नवी शिळा करू, तीत एकच घालू, तुम्ही म्हणाल तो आकडा घालू..."

"संख्या तुमची आहे, तुम्ही ठेवा. नऊ काय, नव्वद ठेवा." सर शांतपणे म्हणाले. "माझं नाव काढा तिच्याखालचं."

लिंबाजीने दौलतरावांकडे पाहिले. सरांकडे पाहिले. मग पिशवीत हात घालून टाकी आणि हातोडा काढला आणि तिथेच घुटमळला. दौलतरावांच्याच खाणीत त्याचे पोट होते. कुमुदताईंनी त्याच्यापुढे हात केला.

"दे इकडं."

पहिला घाव निसटला, नुसता ओरखडा उठला. हातोडा त्यांना पेलत नव्हता. "तिरपी धरा, बाई," लिंबाजी हळूच म्हणाला, आणि त्याने टाकीचा कोन बसवून दिला. दुसरा घाव लागला. त्र्यंबकातल्या त्र्यंच्या डोक्याचा टवका उडाला. माइक तसाच चालू होता. टाकीचा प्रत्येक घाव कर्ण्यांतून मंडपावर, मंडपाबाहेर, माळावर जाऊन आपटत होता. एका पाहुण्याला वाटले हा कार्यक्रमाचाच भाग आहे, त्याने दोन टाळ्या वाजवल्या, आणि मग इकडेतिकडे बघून हात खाली घेतले.

त्र्यं गेला. ब गेला. क गेला. पांढरी भुकटी कुमुदताईंच्या जरीकाठावर, पापण्यांवर, आंबट तोंडात. ज्या माणसाचे नाव त्यांनी आयुष्यात सगळ्यांत जास्त आदराने घेतले, त्याचेच नाव त्या अक्षर अक्षर फोडत होत्या. डोळ्यांतून पाणी वाहत होते आणि हात थांबत नव्हता. दौलतराव कुणाला तरी माइक बंद करायला सांगत होते. ग गेला, णे गेला, श गेला. हि गेला, र गेला.

त्या दमून थांबल्या. सर पुढे झाले. त्यांची कापलेल्या नखांची बोटे त्या ओबडधोबड पट्ट्यावरून डावीकडून उजवीकडे निघाली, सावकाश, पेपर तपासताना जायची तशीच, एकही जागा न गाळता. शेवटाशी आली, आणि थबकली.

"अजून वे लागतोय हाताला, कुमुद."

आणि कुमुदताईंनी हातोडा पुन्हा उचलला.